गाव सुटले तरी परस सुटू नये

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील घरांची ठेवण एके काळी ठरलेली असे. पुढे अंगण आणि तुळशीवृंदावन, मागे विहीर, न्हाणी आणि परस. न्हाणीचे पाणी केळीच्या आळ्यात जाई, भांडी घासायच्या दगडापाशी अळू माजे, कुंपणावर वालाचा वेल चढे आणि चुलीतली राख माडाच्या मुळाशी पडे. यात कोणी फार मोठे शहाणपण करतो आहे असे कोणाला वाटत नसे. घर चालवायचे म्हणजे असेच चालवायचे, इतकेच ठाऊक होते.

आज आपल्या शाळेतील कितीतरी मुले फ्लॅटमध्ये राहतात. 2011 च्या जनगणनेत गोव्याची 62 टक्क्यांहून अधिक लोकसंख्या शहरी भागात राहते असे दिसून आले, आणि राज्यांमध्ये हे प्रमाण देशात सर्वाधिक होते. त्यानंतर ते कमी होण्याचे काही कारण घडलेले नाही. डिचोलीत खाणींनी शेते गिळली, आणि 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांच्यावर अवलंबून असलेल्या घरांचा रोजगारही गेला. पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ उभा राहिला, जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागली आणि आजूबाजूच्या जमिनींकडे शेत म्हणून पाहणारी नजर कमी होऊन प्लॉट म्हणून पाहणारी नजर वाढली. कोणी नोकरीसाठी, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी, कोणी भावकीतल्या वाटण्यांमुळे शहरात आले. त्यांना दोष देण्यासाठी हा लेख नाही. गाव सोडावे लागले म्हणून गावच्या घराची सारी रीतही सोडलीच पाहिजे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आमचे मत असे की ती सोडू नये. शहरात राहूनही शेतकऱ्याच्या घरासारखे घर काही अंशी चालवता येते, आणि ते चालवावे. ‘जुने ते सोने’ म्हणून आम्ही हे सांगत नाही. त्याची कारणे आजची आहेत.

पहिले कारण मार्च 2020 मध्ये आपण सर्वांनी अनुभवले. टाळेबंदी लागली तेव्हा सुरुवातीचे काही दिवस गोव्यात किराणा दुकानेसुद्धा बंद होती आणि बेळगावहून येणारी भाजी सीमेवर अडली. गोव्याचे ताट बेळगावच्या ट्रकवर किती अवलंबून आहे हे त्या आठवड्यात लहान मुलांनाही कळले. ज्यांच्या घरात पुरुमेंत होते, म्हणजे डब्यात उकडे तांदूळ, अळसांदे, सोले, चिंच, सुक्या मिरच्या आणि बरणीत लोणचे होते, त्यांना त्या दिवसांची झळ कमी लागली. पुरुमेंत हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला, पण पावसाळ्यापूर्वी घरात बेगमी करून ठेवण्याची रीत त्याहून जुनी आहे. चार महिने धो धो पाऊस पडणाऱ्या प्रदेशाने अनुभवातून काढलेला तो मार्ग आहे. फ्लॅटच्या स्वयंपाकघरातही एका कपाटात पुरुमेंत मावते. त्यासाठी मांगर लागत नाही, मे महिन्यात थोडी आठवण आणि थोडी शिस्त लागते.

दुसरे कारण मुलांचे. आपल्या विद्यार्थ्यांना प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या पाठ असते, पण तांबडी भाजी पेरल्यापासून किती दिवसांत ताटात येते हे विचारले तर बहुतेक गप्प बसतात. ती साधारण महिन्याभरात येते. हळदीचा एक कोंब जूनमध्ये कुंडीत लावला तर श्रावणात पातोळ्यांसाठी पाने मिळतात आणि माघाच्या सुमारास त्याच कुंडीतून ओली हळद निघते. एका कुंडीत सण, स्वयंपाक आणि वनस्पतिशास्त्र अशी तिन्ही शिकवण आहे. चतुर्थीला आपण माटोळी बांधतो, नव्याच्या पंचमीला भाताची नवी कणसे घरात आणतो. पण माटोळीचे सारे सामान पैसे मोजून बाजारातूनच आणले आणि कणसे कोणाच्या शेतातली हे ठाऊकच नसले, तर मुलांच्या लेखी तो सण सजावटीपुरताच उरतो. माटोळीला टांगलेल्या फळांपैकी एक जरी आपल्या गॅलरीतले असले, तरी मूल त्या चौकटीकडे वेगळ्या नजरेने पाहील.

तिसरे कारण कचऱ्याचे. घरातल्या कचऱ्यातला मोठा भाग भाजीची देठे, फळांच्या साली, नारळाच्या किशी आणि उरलेले शीत असा ओला असतो. गावच्या घरात याला कोणी कचरा म्हणत नसे. एका जुन्या बादलीला बुडाशी भोके पाडावीत, ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर दुप्पट सुका पाला आणि मूठभर माती टाकावी, पावसाचे पाणी शिरू देऊ नये आणि आठवड्यातून एकदा वरखाली करावे. दोन-तीन महिन्यांत काळी, मातीचा वास येणारी खते तयार होतात. वास सुटला तर समजावे की पाला कमी पडला. आंब्याचा आणि काजूचा पाला आपल्याकडे रस्त्याकडेला जाळला जातो, त्याचा धूर मुलांच्या छातीत जातो. तोच पाला पिशवीत भरून घरी आणला तर दोन्ही कामे साधतात.

‘हे सारे बोलायला ठीक, पण शहरात जागा कुठे?’ असे पालक विचारतील. या प्रश्नाचे उत्तर काही माणसांनी कृतीनेच दिलेले आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब नीट जगू शकेल असा हिशेब मांडला. मुंबईत डॉ. दोशी यांनी गच्चीवर, जुन्या पिंपांत आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भाज्या आणि ऊससुद्धा पिकवून दाखवला. 2002 साली त्या वेळच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी त्याच स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. मुंबईसारख्या दाट शहरात गच्चीवर हे घडू शकते, तर डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या गच्चीवर का घडू नये?

मात्र खोटी आशाही दाखवू नये. वीस कुंड्या लावल्या म्हणून भाजीचा खर्च संपणार नाही. त्यांतून मिरची, कडीपत्ता, अळू, तांबडी भाजी, हळदीची पाने आणि एखादा वालाचा वेल मिळेल. बाकीचे विकतच घ्यावे लागेल. पण विकत घेणे हाही घर चालवण्याचाच भाग आहे. डिचोलीचा बुधवार, पेडण्याचा गुरुवार आणि म्हापशाचा शुक्रवार या बाजारांत गावातल्या बायका अजूनही आपल्या परसातला माल पाटीत घेऊन बसतात. पावसाळ्यात टाकळा, कुड्डूक आणि काटलां, थंडीत मुळे आणि नवलकोल, उन्हाळ्यात भिरंडे. हरमलच्या मिरचीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण अभिमान वर्तमानपत्रात वाचून संपू नये. ती मिरची पिकवणाऱ्याकडून विकत घेतली तरच पुढच्या वर्षी ती लावली जाईल. ज्याचे स्वतःचे शेत गेले, त्याने दुसऱ्याचे शेत टिकवावे. शहरात राहणाऱ्याचे तेवढे कर्तव्य आहे असे आम्ही मानतो.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण अशा लेखांत ती सहसा येत नाही. जुन्या घराचे गोडवे गाताना त्या घरात कोण राबत होते हे आपण विसरतो. विहिरीचे पाणी शेंदणे, भात कांडणे, ओल्या लाकडांच्या धुरात डोळे चोळत रांधणे आणि सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले खाणे, हे आपल्या आज्यांच्या वाट्याला आले. नोकरी करून संध्याकाळी थकून घरी येणाऱ्या आईच्या डोक्यावर आता गच्चीवरच्या कुंड्या, खताची बादली आणि पुरुमेंताच्या बरण्या चढवायच्या असतील, तर त्यापेक्षा बाजारची पिशवी बरी. ही रीत आणायची तर ती वाटून घेऊन आणावी. पाणी घालणे मुलांकडे, खत वरखाली करणे बाबांकडे, बियाणे राखणे आजीआजोबांकडे. सोले करायची तर रविवारी सर्वांनी बसावे: भिरंडे फोडून साली वेगळ्या कराव्यात, गराच्या रसात मीठ घालून त्यांत साली पुन्हा पुन्हा बुडवाव्यात आणि आठवडाभर कडक उन्हात वाळवाव्यात. यातले कोणतेही काम मुलग्यांना न जमण्यासारखे नाही. शहराने आपल्याला गॅस, नळ आणि मिक्सर दिले, ते टाकून देण्याची गरज नाही. आज्यांचे कष्ट मागेच राहू द्यावेत, त्यांचे ज्ञान तेवढे घ्यावे.

काही अडचणी खऱ्या आहेत, त्याही मांडतो. कुंडीखालच्या बशीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. अंड्याचा डास व्हायला सुमारे आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व बशा ओतून कोरड्या कराव्यात. गच्चीवर ओल मुरू नये म्हणून कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात आणि सोसायटीच्या समितीला आधी विचारावे. माशाचे काटे बादलीत टाकले तर मांजरे आणि दुर्गंधी दोन्ही येतात, ते टाळावे.

विश्वस्तांना आमची विनंती या सर्वांहून थेट आहे. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना मांडली. सेवाग्रामला 2005 पासून ‘आनंद निकेतन’ शाळा त्याच वाटेने चालली आहे. 2019 साली केंद्र सरकारनेही शाळांमध्ये पोषण बागा करण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा आपल्या शाळेने नवे काही शोधायचे नाही. शाळेच्या मागची जागा, नाहीतर गच्चीचा एक कोपरा त्यासाठी द्यावा. आठवड्याला एक तास वेळापत्रकात असावा आणि तो मुलगे-मुली दोघांसाठी असावा. त्याला गुण देऊ नयेत, नाहीतर पालकच घरी रोपे वाढवून पाठवतील. माध्यान्ह आहारातले उरलेसुरले याच बागेच्या खताला जावे. मे महिन्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार हा प्रश्न दरवेळी पुढे येतो आणि बाग तिथेच मरते. त्यावर साधा उपाय म्हणजे पावसाळी आणि हिवाळी अशी दोनच पिके घ्यावीत, मार्चअखेर बियाणे काढून वाफे पाल्याने झाकून ठेवावेत. मातीलाही सुट्टी हवीच असते.

पालकहो, या कामासाठी एकदम सारे करायला जाऊ नये. थेंबे थेंबे तळे साचे. या वर्षी एक हळदीची कुंडी, एक खताची बादली, एक पुरुमेंताचे कपाट आणि महिन्यातून निदान दोन बाजार, एवढेच ठरवावे. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही घरी जाऊन आजीला किंवा आजोबांना एक प्रश्न विचारावा: त्यांच्या लहानपणी परसात काय काय होते? मिळालेली नावे वहीत लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावीत. त्यांतली निम्मी नावे तुम्ही कधी ऐकलेली नसतील. ती माणसे आपल्यात आहेत तोवरच ही यादी करता येईल, आणि शाळेच्या बागेत पहिल्या वर्षी काय लावायचे हे त्या यादीतूनच ठरवावे, असे आम्हाला वाटते.