दिवा लुकलुकतो, मेंदू डोलतो का?

सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारे दिवे स्मरणशक्तीच्या नावाने विकले जात आहेत. त्यामागचे संशोधन खोटे नाही. अमेरिकेतील एमआयटीच्या ली-ह्वे त्साई यांच्या गटाने २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले, की अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांना असा प्रकाश दिल्यावर दृष्टीच्या केंद्रातील अमायलॉइड हे प्रथिन कमी झाले. घरात विस्मरणाचा रुग्ण सांभाळणाऱ्याला ही बातमी आधार वाटली तर नवल नाही.

पण मेंदू दिव्याच्या तालावर चालू लागला, हे ठरवायचे कसे? उंदराच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड बसवून चेतापेशींचे विद्युत ठोके टिपतात. दोन लुकलुकींमधले अंतर २५ मिलिसेकंद. ही घड्याळाची एक फेरी समजून प्रत्येक ठोका तबकडीवर मांडायचा. ठोके एका बाजूला दाटले तर पेशी तालात, चहूकडे विखुरले तर बेताल. या दाटीला शून्य ते एक गुण देतात आणि ती निव्वळ योगायोग असण्याची शक्यता रॅले चाचणीने तपासतात.

मेख इथेच आहे. जेमतेम १० ठोके देणाऱ्या बेताल पेशीलाही सरासरी ०.२८ गुण मिळून जातात. १,००० ठोके देणाऱ्या तशाच पेशीला मात्र ०.०३. चाचणी प्रत्येक ठोका स्वतंत्र मानते, पण कित्येक पेशी ठोके झुबक्याने देतात आणि एका झुबक्यातले ठोके तबकडीवर शेजारीच पडतात. ५ टक्क्यांच्या निकषाने १०० बेताल पेशी तपासल्या, तरी पाचएक ‘उत्तीर्ण’ होतातच. शिवाय दिव्याचा प्रकाश किंवा वीज थेट इलेक्ट्रोडमध्ये झटके उमटवू शकते, आणि ते तर कोणत्याही पेशीपेक्षा चोख तालात! म्हणून प्रत्येक खेपेतील ठोक्यांची माळ न तोडता, ती वेगवेगळी मागेपुढे सरकवून पुन्हा मोजावे लागते. कंटाळवाणे काम आहे, पण दाव्याची किंमत तिथेच ठरते.

न्यूयॉर्क विद्यापीठातील ग्योर्गी बुझाकी यांच्या गटाने २०२३ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये वेगळेच चित्र मांडले. उंदरांच्या मेंदूची स्वतःची गॅमा लय प्रकाशामागे गेली नाही, हिप्पोकॅम्पस या स्मृतिकेंद्रातील पेशींचा प्रतिसाद क्षीण होता, अमायलॉइडही घटले नाही. उंदीर तर त्या प्रकाशापासून दूर पळत होते. एमआयटीच्या गटाने २०२४ मध्ये पुन्हा, प्रकाशाला ध्वनीची जोड देऊन, उंदरांच्या मेंदूतील द्रवाचा प्रवाह आणि अमायलॉइडचा निचरा वाढल्याचे मांडले. म्हणजे वाद चालू आहे.

लुकलुकीला पेशीने उत्तर देणे वेगळे, मेंदूची लय बदलणे वेगळे आणि रुग्णाची स्मृती सुधारणे त्याहून वेगळे. विक्रेते पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतात. त्यांना एवढेच विचारावे, की हा दिवा किती माणसांवर तपासला आणि तुलनेला साधा दिवा होता का. तोवर रुग्णाची चालू औषधे बंद करू नयेत. प्रकाशाच्या लुकलुकीने फिट येणारे कोणी घरात असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा दिवा लावूच नये.