हॅचरीची पिल्ले : खरी कसोटी पेटी उघडल्यानंतर

परसातील कुक्कुटपालनाकडे ग्रामीण कुटुंबांचा आणि शहरालगतच्या हौशी पालकांचाही ओढा पुन्हा वाढताना दिसतो. हॅचरीकडे दूरध्वनीवर मागणी नोंदवायची, आगाऊ रक्कम पाठवायची आणि ठरल्या दिवशी बसस्थानकावरून किंवा रेल्वेच्या पार्सल कार्यालयातून एक दिवसाच्या पिल्लांची छिद्रे असलेली पेटी घरी आणायची, ही पद्धत आता परिचयाची झाली आहे. वाणांचीही उणीव नाही. गिरिराज आणि स्वर्णधारा हे बंगळुरूतील हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विकसित झाले, कावेरी हेसरघट्टा येथील केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेत, तर वनराज व ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात. असे असूनही अनेक घरांत पहिल्या पंधरवड्यातच निम्मी पेटी रिकामी होते आणि दोष हॅचरीला, हवामानाला किंवा नशिबाला दिला जातो. माझ्या मते दोष मुख्यतः आपल्या वितरणपद्धतीत आहे. ज्या घरात कृत्रिम ऊब देण्याची सोय नाही, त्या घरी एक दिवसाचे पिल्लू देऊच नये.

पिल्लू इतका प्रवास सोसते कसे, हे आधी समजून घेतले पाहिजे. 21 दिवसांच्या उबवणीच्या अखेरीस, कवच फोडण्यापूर्वी, अंड्यातील उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. त्या शिदोरीवर ते सुमारे 72 तास अन्नपाण्याविना तग धरू शकते. याच आधारावर अमेरिकेच्या टपाल खात्याने 1918 पासून एक दिवसाची पिल्ले स्वीकारण्यास प्रारंभ केला. परंतु बलक हा केवळ प्रवासखर्च आहे. तो पिल्लाला दारापर्यंत पोहोचवतो, वाढवत नाही. पहिले पाणी आणि पहिला दाणा जितका लांबतो, तितकी वाढ मागे पडते.

कीटकशास्त्रज्ञाने कोंबड्यांविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडू शकेल. जिवंत माल पार्सलने पाठवण्याचा अनुभव आमच्या शाखेला दीर्घकाळ आहे, हे त्याचे एक कारण. जागतिक टपाल संघाच्या नियमांत ज्या मोजक्या सजीवांना मुभा आहे, त्यांत मधमाश्या, जळवा आणि रेशीमकिडे यांच्या जोडीला मान्यताप्राप्त संस्थांनी परस्परांना पाठवलेले किडींचे नैसर्गिक शत्रूही आहेत. ट्रायकोकार्ड आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. कार्डावरील सुमारे 20,000 अंड्यांतून ट्रायकोग्रामाचे प्रौढ ठरल्या वेळी बाहेर पडणारच, शेतकरी तयार असो वा नसो. कार्ड दोन दिवस कपाटात राहिले, तर मित्रकीटक पाकिटातच मरतात आणि लोक म्हणतात, जैविक नियंत्रण चालत नाही. पिल्लांच्या पेटीचे नेमके असेच होते.

ती वेळ कशी चुकते, ते पाहू. पिल्लाला पहिल्या आठवड्यात 33 ते 35 अंश सेल्सिअस तापमान लागते. पुढे दर आठवड्याला ते सुमारे 3 अंशांनी कमी करत नेता येते. बंगळुरूत जानेवारीच्या रात्री पारा 15 अंशांच्या आसपास असतो. म्हणजे पिल्लाची गरज आणि घरातील हवा यांत 20 अंशांचे अंतर. पूर्वी हे अंतर खुडूक कोंबडी आपल्या पंखांखाली भरून काढीत असे; हॅचरीच्या पिल्लाला आई नसते. तिच्या जागी लोक बल्ब लावतात, पण आज दुकानात सहज मिळतो तो एलईडी, आणि तो उजेड देतो, ऊब जवळपास देत नाही. तारेचा जुना बल्ब किंवा ब्रूडरसाठीचा उष्णता देणारा दिवाच हवा, प्रत्येक पिल्लामागे 1 ते 2 वॅट या हिशेबाने. वीज जाणार हे गृहीत धरून पर्यायही हवा. मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली, तर विषारी वायूने पिल्लांसह माणसांचाही जीव धोक्यात येतो.

ब्रूडर पिल्ले येण्याआधी किमान काही तास तापलेला असावा. तापमापक नसला तरी पिल्ले स्वतःच सांगतात : दिव्याखाली दाटी केली तर थंडी, दूर जाऊन चोच उघडून धापा टाकल्या तर उष्मा, एकाच बाजूला सरकली तर वाऱ्याचा झोत, सर्वत्र विखुरलेली असली तर सारे ठीक.

दुसरी अडचण लसीकरणाची. मरेक रोगाची लस हॅचरीतच दिली गेली आहे का, हे विचारून घ्यावे. त्यानंतर पहिल्या आठवड्यात मानमोडीची म्हणजे राणीखेतची, दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास गंबोरोची आणि चौथ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा मानमोडीची लस येते. नेमके वेळापत्रक पशुवैद्यकांकडून घ्यावे. लसीची कुपी 100 किंवा अधिक मात्रांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि मिसळल्यावर लगेच संपवावी लागते. 20 पिल्लांसाठी एक कुटुंब हे सारे करील, ही अपेक्षा अवास्तव आहे. साहजिकच पिल्ले लसीविना राहतात.

तिसरी बाब थेट माझ्या विषयातील. हॅचरीतून आलेले पिल्लू सहसा उवा-गोचिडांपासून मुक्त असते; त्याला ही बाधा होते ती जुन्या खुराड्यातून, जुन्या डालग्यातून आणि घरच्या मोठ्या कोंबड्यांकडून. कोंबडीची गोचीड व लाल माइट दिवसा फटींत दडून रात्री रक्त पितात. गोचीड तर कित्येक महिने उपाशी राहू शकते. त्यामुळे ‘खुराडे वर्षभर रिकामे होते’ हा भरवसा फोल आहे. फटी बुजवाव्यात, चुन्याची सफेदी करावी आणि नवी पिल्ले मोठ्या पक्ष्यांपासून वेगळी ठेवावीत. शेतात वापरायचे कीटकनाशक त्याच पंपाने खुराड्यात फवारणे मात्र कटाक्षाने टाळावे. गोचीड मरो न मरो, पिल्लू नक्की मरते.

या तिन्ही अडचणींना एकच उत्तर आहे. गावात एका प्रशिक्षित कुटुंबाने किंवा महिला बचत गटाने एक दिवसाची पिल्ले घ्यावीत, 4 आठवडे सांभाळावीत, लसी पूर्ण कराव्यात आणि मग घरोघरी द्यावीत. राष्ट्रीय पशुधन अभियानातील परसातील कुक्कुटविकासाच्या घटकात ‘मदर युनिट’ची कल्पना याच हेतूने मांडली गेली होती. कल्पना जुनी आहे. आग्रह कमी पडतो.

यावर आक्षेप येतो की 4 आठवड्यांचे पिल्लू महाग पडते. हिशेब करून पाहू. एखाद्याने 50 पिल्ले घेतली आणि 20 दगावली, तर जगलेल्या प्रत्येक पिल्लाची किंमत दीडपटीहून अधिक झाली. वीज, खाद्य आणि रात्रीचे जागरण वेगळेच. शिवाय सुधारित वाण संकरित असल्याने त्यांची पुढची पिढी मूळ गुणांची राहत नाही. कुटुंबाला पुन्हा हॅचरीकडेच यावे लागते, आणि पहिल्याच खेपेला हात पोळलेले कुटुंब पुन्हा येत नाही. अल्पभूधारक घरातील अंड्यांचे उत्पन्न बहुतेक वेळा गृहिणीच्या हाती असते. हे नुकसान प्रथम तिचे असते.

ज्यांना एक दिवसाचीच पिल्ले हवी आहेत, त्यांनी ती अवश्य घ्यावीत, परंतु आधी ब्रूडर तयार करावा आणि मगच मागणी नोंदवावी. विस्तार कार्यकर्त्यांना माझी विनंती एवढीच की, आपल्या नोंदवहीत ‘वाटप केलेली पिल्ले’ या रकान्याशेजारी ‘आठव्या आठवड्यात जिवंत असलेली पिल्ले’ असा आणखी एक रकाना आखावा. योजनेचे यश त्या दुसऱ्या रकान्यावर मोजले जाऊ लागले, की पिल्ले कोणत्या वयात द्यायची हा वाद आपोआप मिटेल.