पाकिटाचे अस्तर आणि कारागिराची जात

वाचकहो, खिशातले चामड्याचे पाकीट काढा आणि नोटा ठेवतो त्या कप्प्यात बोट घाला. बहुतेक पाकिटांत बोटाला कातडे लागत नाही, कापड लागते. हे अस्तर. ते फाटले की पाकीट जुने झाले असे आपण म्हणतो. ते कुणी लावले, कसे लावले, हे आपण विचारत नाही. आज आम्हाला या अस्तराविषयीच बोलायचे आहे. कारण हिंगोली जिल्ह्यातील चर्मकार तरुणाच्या पोटाचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे.

अस्तर केवळ शोभेसाठी नसते. कोल्हापुरी चपलेला कापडी अस्तर लागत नाही, कारण झाडपाल्यात कमावलेले तिचे कातडे जाड व ताठ असते. पर्स आणि बॅगेसाठी बहुधा वापरले जाणारे क्रोमवर कमावलेले कातडे पातळ व मऊ असते. त्याची आतली बाजू खरबरीत असते, तंतू सुटतात आणि ओझ्याने ते ताणले जाते. कापड त्याला आवरून धरते. पण कापड कातड्यासारखे ताणत नाही आणि तिथेच कारागिराची परीक्षा होते. अस्तर बाहेरच्या कातड्यापेक्षा किंचित लहान कापावे लागते, नाही तर आत चुण्या पडतात. आतला चेनचा कप्पा अस्तरावर आधीच शिवून घ्यावा लागतो, कारण बॅग जुळल्यावर तिथे मशीन नीट पोहोचत नाही. दुमडायची कड रापीने तासून पातळ करावी लागते. म्हणजे हे अर्धे काम चर्मकाराचे आणि अर्धे शिंप्याचे. ज्याला दोन्ही येते तो बॅग बनवून विकतो. ज्याला एकच येते तो दुसऱ्याने बनविलेली बॅग दुरुस्त करीत बसतो.

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या रस्त्याकडेला बसलेला आमचा गटई कामगार हा दुरुस्ती करणारा आहे. चेन बसव, पट्टा शिव, टाच मार. त्याच्या हातात कसब नाही असे कोण म्हणेल? पण भाव दुरुस्तीला नाही, तयार मालाला आहे. मुंबईत धारावीच्या चामडे बाजारात काचेच्या दुकानांत अस्तर लावलेल्या बॅगा झळकतात. तिथेही शिवणाऱ्या हातांना मजुरी मिळते आणि दुकानाच्या मालकाला नफा. शासन मात्र गटई कामगाराला पत्र्याचा स्टॉल देते. डोक्यावर सावली आली, हे चांगलेच झाले. पण खाली बसण्याची जागा तीच राहिली, त्याचे काय?

ज्या जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, त्या जिल्ह्यात कापड आणि कातडे एकत्र आणणे अवघड वाटावे, हे नवल आहे. नामदेव शिंपी, रविदास चर्मकार. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात या दोघांची पदे एकाच ग्रंथात आहेत आणि तो ग्रंथ शेजारच्या नांदेडात रोज वाचला जातो. ग्रंथात जे जमले ते शासनाच्या योजनेत का जमू नये?

17 सप्टेंबर 2023 रोजी, मराठवाडा मुक्तिदिनीच, केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. 18 पारंपरिक व्यवसाय निवडले. अवजारांसाठी 15 हजार रुपये, प्रशिक्षण काळात दिवसाला 500 रुपये, 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख व नंतर 2 लाखांचे कर्ज. हे लाभ आम्ही नाकारत नाही. जो पात्र आहे त्याने ते जरूर घ्यावेत. पण या यादीत शिंपी वेगळा आणि चर्मकार वेगळा. शिवाय गुरु-शिष्य परंपरा व कुटुंबात चालत आलेला धंदा बळकट करणे हा योजनेचा जाहीर उद्देश आहे. बापाची रापी मुलाने धरावी, असेच ना? तमिळनाडू सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये याच मुद्द्यावर ही योजना आहे त्या स्वरूपात राबविण्यास नकार दिला आणि घराण्याच्या धंद्याची अट नसलेली स्वतःची योजना आणली. महाराष्ट्र तर फुले-आंबेडकरांचे नाव घेतो!

बाबासाहेबांनी 1936 सालीच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात दाखवून दिले होते की, जन्माने धंदा ठरला की बाजार बदलला तरी माणसाला धंदा बदलता येत नाही आणि त्यातून बेकारी उभी राहते. आमच्या रस्त्याकडेच्या कारागिराचे हेच झाले आहे. बाजारात बॅग आली आणि त्याला परंपरेने जोडाच शिकविला. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली, त्याचा फटका कच्च्या कातड्याला बसला. अशा वेळी अंगाला जाड कापड आणि पट्टा, कडा, तळाला कातडे, अशी बॅग थोड्या कातड्यात होते. पण त्यासाठी कापड बेतता आले पाहिजे.

काही समाजबांधव विचारतील, आमच्या मुलांनी चामड्यातच का राहायचे? त्यांचा सवाल रास्त आहे. मुलांनी शिकावे, डॉक्टर व्हावे, कलेक्टर व्हावे. 1927 च्या महाडच्या लढ्यापासून आम्ही मेलेली ढोरे ओढण्याचे काम टाकले, कारण ती जातीने लादलेली गुलामी होती. परंतु स्वतःच्या मर्जीने कसब शिकून, स्वतःच्या कारखान्यात माल बनवून, त्याचा दर स्वतः ठरविणे ही गुलामी नव्हे. मोठा भांडवलदार चामड्याच्या बॅगा विकतो तेव्हा त्याला कुणी जात विचारत नाही.

संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ 1 मे 1974 रोजी स्थापन झाले. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला. दोघांचाही वाढदिवस कामगारदिनी येतो. महामंडळाच्या उत्पादन केंद्रांत सातारा, दर्यापूरबरोबर हिंगोलीचे नाव घेतले जाते. आमची मागणी साधी आहे. हिंगोलीत बॅग बनविण्याचे पूर्ण शिक्षण द्या: नमुना कापणे, अस्तर बेतणे, चेन लावणे, हिशेब ठेवणे आणि माल विकणे. कातडे आणि कापड एकदम ओढणारी मशीन सामाईक ठेवा, म्हणजे कर्ज काढण्याआधी हात बसेल. शिवणकाम येणाऱ्या आमच्या भगिनींना त्यात अर्ध्या जागा द्या. अस्तराचे अर्धे काम त्यांना आजच येते. आणि प्रवेशाच्या अर्जावर बापाचा धंदा विचारू नका. मराठ्याचा, शिंप्याचा, ब्राह्मणाचा मुलगाही रापी धरायला आला पाहिजे. तो ज्या दिवशी येईल, त्या दिवशी चामड्याचे काम जातीचे राहणार नाही. ते फक्त काम होईल.