इंजिन मोफत, पण त्याची भाषा परकी

धुळे - नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. या पातळीवरील खेळाडूंची तयारी आज बुद्धिबळ इंजिनाशिवाय होत नाही. विशेष म्हणजे, त्यांतील सर्वांत बलाढ्य इंजिनांपैकी एक असलेले 'स्टॉकफिश' पूर्णपणे मोफत आहे. पांझरेपलीकडच्या देवपुरातील विद्यार्थीही ते घरच्या संगणकावर उतरवून घेऊ शकतो. प्रश्न आहे तो पुढचा.

२००८ साली प्रसिद्ध झालेले स्टॉकफिश 'जीपीएल' या मुक्त परवान्याखाली मिळते. मूळ प्रोग्रॅम वाचण्याची, बदलण्याची आणि इतरांना देण्याची मुभा त्यात आहे. या लेखी अटींना वजनही आहे. त्यांचा भंग झाल्याचा आक्षेप घेऊन विकासकांनी २०२१ मध्ये 'चेसबेस' या जर्मन कंपनीला न्यायालयात खेचले आणि २०२२ मध्ये समझोता झाला. हक्क असे सुरक्षित झाले. पण इंजिन कसे वापरावे, हे सांगणारी अधिकृत माहिती इंग्रजीत आहे.

ती न वाचल्यास काय होते, याचे बोलके उदाहरण म्हणजे '+१' हा आकडा. एका प्याद्याइतकी आघाडी, असा त्याचा अर्थ वर्षानुवर्षे लावला गेला. डिसेंबर २०२२ मधील १५.१ या आवृत्तीपासून तो बदलला. तुल्यबळ इंजिनाविरुद्ध विजयाची शक्यता ५० टक्के, असे आता '+१' सांगतो. हा हिशेब दोन इंजिनांमधील आहे, दोन शाळकरी मुलांमधील नव्हे. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी पडद्यावरील आकडा पाहून डाव जिंकल्याचे किंवा हरल्याचे समजून बसतो आणि विचार करणे सोडून देतो. तोटा होतो तो इथेच.

इतर बाबीही अशाच आहेत. या इंजिनाला स्वतःचा पट नाही. तो दाखवणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो. वेगळी सूचना न दिल्यास ते एकाच थ्रेडवर आणि हॅशसाठी अवघी १६ एमबी मेमरी घेऊन चालते. 'मल्टीपीव्ही' वाढवल्यास एकाऐवजी अनेक पर्यायी चाली दिसतात, 'स्किल लेव्हल' ० ते २० दरम्यान ठेवून नवशिक्यासाठी ताकद कमी करता येते. प्रशिक्षकाच्या दृष्टीने या दोन सोयी मोलाच्या आहेत.

भाषांतरात अडचण आहे, हे मान्य करावे लागेल. नव्या आवृत्तीबरोबर काही पर्याय येतात, काही जातात; एकदा छापलेली पुस्तिका जुनी होते. आज्ञांची नावेही इंग्रजीच राहणार. मात्र त्यांचा अर्थ मराठीत सांगता येतो. देवपुरात अभियांत्रिकीसह अनेक महाविद्यालये आहेत. संगणकाचे विद्यार्थी आणि बुद्धिबळ शिक्षक एकत्र आले, तर मोजक्या पानांची आणि वेळोवेळी सुधारली जाणारी पुस्तिका तयार होणे अवघड नाही. त्याला पैशापेक्षा सातत्य हवे. ते मिळाले नाही, तर मोफत इंजिनाचा खरा लाभ इंग्रजी वाचता येणाऱ्यांपुरताच मर्यादित राहील.