गणित सोडण्याचा सल्ला नेमका कुणाच्या सोयीचा?

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपला समाज गर्दी करतो. १९३७ साली याच दिवशी बाबासाहेब कोर्टाच्या कामानिमित्त धुळ्याला आले आणि त्या बंगल्यात उतरले, ती आठवण म्हणून. आम्हीही जातो. अकरावीच्या प्रवेशाचे आणि नीटच्या निकालानंतरचे हे दिवस असतात. त्यामुळे अभिवादन झाले की पालक आम्हाला गाठून एकच प्रश्न विचारतात, "भाऊ, पोरीला डॉक्टर करायचंय. गणित सोडून दिलं तर चालेल ना?"

नियमाने बघितले तर चालते. नीटला बसण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. प्रवेशाच्या पात्रतेत गणिताचा एक गुणही धरत नाहीत. म्हणून जळगाव-धुळ्यातल्या कॉलेजांच्या खिडकीवर आणि क्लासच्या ऑफिसात एकच सल्ला मिळतो. डॉक्टर व्हायचे ना? मग गणित सोडा, भूगोल घ्या, तो सोपा आहे.

आमचे म्हणणे असे की नियम खरा आहे, पण त्यावरून दिलेला हा सल्ला आपल्या मुलांचे नुकसान करतो.

आधी नीटचा पेपर बघू. एकूण ७२० गुण. त्यातले १८० भौतिकशास्त्राचे. आपल्या बोर्डाचे अकरावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडा. त्यातला दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे. सदिश आणि कलनशास्त्राची तोंडओळख तिथे होते आणि पुढचे सगळे धडे त्यावर उभे राहतात. रसायनशास्त्रात पीएच काढायला लॉगरिदम लागते. आनुवंशिकतेत संभाव्यता लागते. म्हणजे तुम्ही विषय म्हणून गणित सोडले तरी गणित तुम्हाला सोडत नाही. गणिताच्या तासाला बसलेल्या मुलाचा या सगळ्याचा सराव आपोआप होतो. भूगोल घेतलेल्या मुलीला तेच एकटीने, शिक्षकाशिवाय करावे लागते. एमबीबीएसला गेल्यावरही सामुदायिक वैद्यकशास्त्रात संख्याशास्त्र समोर येतेच.

आता जागांचा हिशोब. २०२४ साली देशभरात २३ लाखांहून जास्त मुले नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. धुळ्याचे सरकारी मेडिकल कॉलेज जुने आहे, जळगावचे २०१८ साली आणि नंदुरबारचे २०२० साली सुरू झाले. घराजवळ कॉलेजे आली ही चांगलीच गोष्ट आहे. तरीही बसणाऱ्यांपैकी बहुसंख्य मुलांना एमबीबीएस मिळणार नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते. मग उरलेल्यांनी कुठे जायचे, हा प्रश्न अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी कुणी विचारतो का?

आमच्या ओळखीची धुळ्याची एक मुलगी. वडील यंत्रमागावर कामाला. दहावीला गणितात चांगले गुण होते, तरी कॉलेजच्या खिडकीवरच्या माणसाने भूगोल लिहून दिला. नीट दोनदा दिली. दोन्ही वेळा जीवशास्त्राने तारले, भौतिकशास्त्राने बुडवले. त्यानंतर सीईटी देऊन इंजिनिअरिंगला जायचे म्हटले, तर त्या गटात १०० गुणांचा पेपरच गणिताचा. गणित किंवा संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी करायची, तर बारावीला गणित नाही. फार्मसी, नर्सिंग, कृषी हे रस्ते होते आणि ते वाईट नाहीत. पण त्यातला एकही तिने निवडलेला नव्हता. बाकीचे रस्ते बंद झाले म्हणून जे उरले ते तिला घ्यावे लागले.

उलट बाजूही बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नियम सैल केला. बारावीला जीवशास्त्र नसलेला मुलगाही नंतर तो जादा विषय घेऊन उत्तीर्ण झाला, तर नीटला बसू शकतो. म्हणजे ज्याने गणित धरून ठेवले, त्याच्यासाठी डॉक्टरकीचे दारही आता उघडे आहे.

इथे बाबासाहेबांची आठवण येते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकायचे होते. जातीमुळे ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत ते स्वतःच्या बळावर शिकले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून त्यांनी लंडनची डी.एस्सी. मिळवली; तो सगळा आकडेवारीचा अभ्यास होता. विषय नाकारणे म्हणजे पुढचा रस्ता नाकारणे, हे ज्यांनी भोगले त्यांची आपण लेकरे. आज आपल्याला गणित नको असे कायदा म्हणत नाही. "तुमच्या मुलांना झेपणार नाही" असे गोड आवाजात सांगितले जाते आणि आपणच अर्जावर सही करतो. संस्कृत नाकारणाऱ्याचा निदान राग तरी यायचा. या सल्ल्याचे आपण आभार मानतो!

काही कार्यकर्ते म्हणतात, चार-चार विषयांचा भार गरिबाच्या मुलावर कशाला टाकता? साक्री-चोपड्याकडच्या खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुलाचा अर्धा दिवस प्रवासात जातो. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. दहावीतच गणिताने रडवलेल्या मुलावर ते लादू नये, हेही आम्हाला मान्य आहे. पण भार कमी करण्याचे दोन मार्ग असतात: ओझे टाकून देणे किंवा हात देणे. ज्यांच्या घरी शिकवणीचे पैसे आहेत, त्यांची मुले गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवतात. टाकून देण्याचा सल्ला बहुतेक आपल्याच वाट्याला येतो.

म्हणून पालकांना सांगणे आहे. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे, पण गणित की भूगोल हे कॉलेजात अर्ज भरतानाच ठरते. त्या दिवशी मुलाला एकटे पाठवू नका. दहावीला गणित बरे असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही मागा. खिडकीवरचा माणूस नाही म्हणाला तर कारण लेखी मागा.

आणि समाजाला सांगणे. आपल्यात इंजिनिअर आहेत, बँकेत आहेत, गणिताचे शिक्षक आहेत. जयंतीच्या वर्गणीची पावती फाडली म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर दोन तास फळा लावा. समाजकल्याणच्या वसतिगृहात संध्याकाळी गणित शिकवायला जा. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा त्यात कलेसोबत विज्ञानही ठेवले. आपल्या मुलांना काय झेपेल याचा अंदाज त्यांनी खिडकीवरच्या माणसाला विचारून बांधला नव्हता.

पुढच्या ३१ जुलैला लळिंगला पुन्हा भेटू. तेव्हा "गणित सोडलं तर चालेल का" असे विचारू नका. "गणित कोण शिकवेल" हे विचारा. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आमची.

जय भीम!