नोडचे पान

आमचे घर जुन्या वाड्यातले. भिंती दगडमातीच्या, हातभर जाड. त्यामुळे ओसरीवरचे वायफाय माजघरापर्यंत पोचत नाही. पूर्वी मला त्याचे काही वाटत नसे. पण सौ.ला अर्धांगवायू झाला आणि तिच्या वाचेसाठी स्पीच थेरपिस्ट बाई आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर येऊ लागल्या. आधीच तिचा शब्द अडखळतो, त्यात बाईंचा आवाज तुटायचा. रागावून ती तोंड फिरवून बसे.

म्हणून दोन नोडचे मेश बसवून घेतले. एक नोड ओसरीवर, दुसरा माजघरात तिच्या उशाशी. बसवणारा मुलगा म्हणाला, "काका, मोबाईलवर हिरवी खूण आली की झालं. आतल्या सेटिंगला हात लावू नका हं." ॲडमिन पासवर्ड त्याने दिलाच नाही. हिरवी खूण आली, कॉल मात्र तुटतच राहिला.

शेवटी हट्टाने पासवर्ड मागून घेतला आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ लिहून नोडचे पान उघडले. इंग्रजी बरेच होते, पण एक ओळ समजली. माजघरातल्या नोडला ओसरीवरच्या नोडचा सिग्नल मिळत होता उणे ८१. हे उणे आकडे गमतीचे असतात. शून्याच्या जितके जवळ तितके चांगले, आणि दर १० अंकांना शक्तीत दहापट फरक. म्हणजे नोड सौ.च्या उशाशी असून उपयोग काय? त्यालाच पलीकडचे नीट ऐकू येत नव्हते! ऐकू न आलेला निरोप तो पुढे काय सांगणार? हिरवी खूण होती ती नोड आणि मोबाईल यांच्यातल्या चार हातांची.

नोड उचलून जिन्याच्या कोनाड्यात ठेवला, दोघांच्या मध्यावर. पान पुन्हा उघडले. उणे ६१. शंभरपट!

माझे म्हणणे एवढेच, की हे पान घरात राहणाऱ्याच्या हाती असले पाहिजे. म्हाताऱ्यांना हिरवी खूण दाखवायची आणि आकडे झाकून ठेवायचे, ही मला काळजी वाटत नाही. वर्गात मुलाला नुसते 'पास' सांगून उत्तरपत्रिका दाखवायची नाही, त्यातलाच हा प्रकार. त्या मुलाची भीती अगदीच खोटी नाही, हेही कबूल करतो. फर्मवेअर बदलताना मध्येच लाइट गेली तर नोड कायमचा निकामी होऊ शकतो. त्या बटणाला मीही हात लावत नाही. बाकी काही बदलायचे तर आधीचे वहीत उतरवून घेतो. पण बघायला काय हरकत आहे? बघण्याने काही मोडत नाही.

जोडलेल्या उपकरणांची यादीही त्याच पानावर असते. तिथे सात दिसली. आमची सहा. सातवे कोणाचे? मी मोठ्याने विचारले आणि पासवर्ड बदलायला निघालो.

सौ.ने हात वर केला. बराच वेळ लागला तिला. "खाल... खालची. दहावी. मी दिला."

खालच्या बिऱ्हाडकरूंची मुलगी. वायफायचा पासवर्ड होता तसाच ठेवला. त्या पानावर उपकरणांना नाव देता येते. सातव्यापुढे 'दहावी' असे लिहून ठेवले आहे.