विषाणूची हमाली, कोटींचे भाडे

देवी, पोलिओ आणि अगदी अलीकडचा कोरोना यांनी विषाणू म्हणजे वैरी ही समजूत लोकमानसात पक्की केली आहे. त्याच वैऱ्याला वेठीस धरून त्याच्या पाठीवर औषध लादण्याची किमया विज्ञानाने साधली, तिचे आम्हांस कौतुक वाटते. परंतु त्या हमालीचे भाडे ऐकून कौतुक घशातच अडकते.

हिमोफिलिया 'बी'च्या रुग्णात रक्त गोठविणाऱ्या फॅक्टर नऊ या प्रथिनाची उणीव असते. हे प्रथिन यकृत तयार करते. म्हणून एएव्ही नावाच्या, कोणताही ज्ञात रोग न जडविणाऱ्या विषाणूतील मूळ जनुके काढून तेथे निर्दोष जनुक भरायचे व ते शिरेवाटे सोडायचे. विषाणूचे कवच यकृताच्या पेशींत पोचते आणि पेशी स्वतःच ते प्रथिन घडवू लागतात. डिसेंबर २०११ मध्ये लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज आणि मेम्फिसचे सेंट ज्यूड रुग्णालय यांनी सहा रुग्णांवरील प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील चौघांना फॅक्टरची नियमित इंजेक्शने थांबविता आली.

ही वाट रक्ताने माखलेली आहे. १९९९ च्या सप्टेंबरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्रयोगात जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण दगावला. त्याच्या यकृताच्या रोहिणीत सर्दीच्या जातीचा विषाणू सोडला होता. शरीराच्या प्रतिकाराचा भडका उडाला आणि चौथ्या दिवशी सारे आटोपले. माकडांच्या मृत्यूची बाब संमतिपत्रात नव्हती, हे नंतर उघड झाले.

लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या सेंट ज्यूडसारख्या संस्थांनी आणि प्राण पणाला लावणाऱ्या अशा स्वयंसेवकांनी ही विद्या घडविली. तिची किंमत मात्र बाजाराने ठरविली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या 'हेमजेनिक्स'चा एक डोस ३५ लाख डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या दराने २८ कोटींहून अधिक रुपयांचा! फायझरच्या तशाच औषधाला एप्रिल २०२४ मध्ये मान्यता लाभली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने ते गुंडाळण्याचे जाहीर केले. कारण काय, तर उठाव नाही. शिवाय एकदा डोस घेतला की शरीरात प्रतिपिंडे तयार होतात व तोच विषाणू पुन्हा वापरता येत नाही. गुण ओसरला, तर रुग्णाने दाद कोणाकडे मागायची?

आपल्या देशाला या दुकानाच्या पायरीवर ताटकळत बसण्याची गरज नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया 'ए'च्या पाच रुग्णांवर वेगळ्या विषाणूच्या साहाय्याने उपचार केले; त्यांचा रक्तस्राव थांबल्याचा वृत्तांत डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे यकृताऐवजी रक्ताच्या मूळपेशींत जनुक घातले गेले आणि त्यासाठी रुग्णांना केमोथेरपी सोसावी लागली. मार्ग खडतर आहे, पण आपला आहे.

२०१६ च्या कायद्याने हिमोफिलियाला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. ते केवळ दाखल्यापुरते राहू नये. वेल्लोरच्या या पाच जणांनंतर येणाऱ्या पन्नासांवरील उपचारांची तरतूद केंद्राने येत्या अंदाजपत्रकात करावी, आणि जे संशोधन सरकारी पैशातून होईल त्याच्या औषधाची किंमत आधीच करारात बांधून घ्यावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.